चाल दत्तरावांची

३ जुलै, गुरुवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच, भाषणाची तयारी.

ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी किशनराव काल घरी येऊन गेले. वीस तारखेला बुद्धिबळ दिन असतो म्हणे. त्या दिवशी संघात मी दहा मिनिटं बोलायचं. विषय, माणसं बुद्धिबळ का खेळतात. मी म्हणालो, मला बोलायची सवय नाही. किशनराव म्हणाले, "म्हणूनच तर तुमाला सांगायलोय भुजंगराव. सवय असलेले लोक थांबतच न्हाईत."

पाटबंधारे खात्यात एवढी नोकरी झाली, भाषण एकच केलं. निरोप समारंभात. "आभारी आहे." ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले होते.

विषय सोपा आहे. चार दिवसांत उरकेल.

दत्तरावांविषयी इथे लिहायचं नाही. विषय बुद्धिबळ आहे.

४ जुलै, शुक्रवार. सकाळी

दत्तरावांविषयी थोडं लिहावं लागेल. मी दुसऱ्या कुणाबरोबर खेळलेलोच नाही.

दत्तराव समोरच्या घरातले. साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. मागच्या महिन्यात वारले. मित्र होते असं म्हणता येणार नाही. एकमेकांकडे कधी जेवलो नाही, अडीअडचण सांगितली नाही. संध्याकाळी ते येत, चप्पल काढत, बसत. दिवे लागले की उठत, चप्पल घालत, जात. मध्ये एक डाव. तेव्हा मला दुःख वगैरे होण्याचं कारण नाही. लोक उगाच विचारतात. सूनबाई राजेश्री रोज संध्याकाळी विचारते, मामा, चहात साखर कमी झाली का? साखर बरोबर असते. हल्ली पित्त होतं म्हणून संध्याकाळचा चहा सोडला आहे, एवढंच.

एकच अडचण आहे. डाव अर्धा राहिला आहे.

संध्याकाळी

डावाची स्थिती लिहून ठेवतो.

पटावर चारच मोहरे. दोन राजे, दोन प्यादी. माझं प्यादं आणि दत्तरावांचं प्यादं समोरासमोर अडलेलं. शेजारी दोघांचे राजे, आपलं प्यादं राखत आणि दुसऱ्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून.

आम्ही देशी नियमाने खेळायचो. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. आणि राजा एकटा उरला की डाव तिथेच थांबणार. त्याला बुर्जी म्हणतात. एकट्या राजाच्या मागे लागून मात करायची नाही. दत्तरावांचं म्हणणं, बुर्जी म्हणजे बरोबरी. माझं म्हणणं, बुर्जी म्हणजे हारच, फक्त नाव बरं. या एका मुद्द्यावर आमचं बोलणं व्हायचं. बाकी फक्त "शह".

दुसरा नियम आमचा आम्हीच केलेला. डाव अर्धा टाकून उठायचं झालं की ज्याची चाल बाकी, त्याच्या बाजूला सुपारीचं एक खांड ठेवायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी वाद नको. खांड दत्तरावांच्या चंचीतलं.

आता खांड दत्तरावांच्या बाजूला आहे. म्हणजे चाल त्यांची. मी थांबलो आहे.

५ जुलै, शनिवार

राजेश्रीला जाळी पाहिजे. दूध झाकायची जाळी मी पटावर ठेवली आहे, माश्या मोहऱ्यांवर बसू नयेत म्हणून. ती म्हणाली, "मामा, दुधात माशी पडायलीय अन् तुमी लाकडं झाकून बसलाव." मी म्हणालो, डाव चालू आहे. तिने दुधावर ताट झाकलं. ताट जोरात ठेवलं.

विषयाला धरून: माणसं बुद्धिबळ का खेळतात? बुद्धी वाढते म्हणून. हा पॉइंट झाला.

७ जुलै, सोमवार

एक बारीक गोष्ट. राजेश्री सहज बोलून गेली की ते सुपारीचं खांड तिला पटाच्या टीपॉयखाली सापडलं. दत्तराव गेले त्या दिवशी घरात माणसांची ये-जा होती, तिने फडका मारला, तेव्हा. "कुठल्या बाजूचं ते मला काय ठाऊक, मामा. तुमीच मग तिकडं ठेवलाव."

हो, मीच ठेवलं. पण विचार करून ठेवलं. त्या संध्याकाळी लाइट गेली. मी माझी चाल केली होती, हे मला पक्कं आठवतं. मग मी आत बॅटरी आणायला गेलो. बॅटरी सापडेना. बाहेर आलो तर दत्तरावांनी चप्पल घातलेली. "उद्या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. तर मग चाल कुणाची? त्यांचीच. साधं लॉजिक आहे.

त्यांचा राजा माझ्या आठवणीपेक्षा एक घर पुढे आहे. फडक्याने सरकला असणार. मी तो तिथेच राहू दिला आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मोहऱ्याला हात लावणं बरं नाही.

८ जुलै, मंगळवार

आज दत्तरावांच्या पत्नी केशरवहिनी फाटकापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत, अजून कुठे जात नाहीत. म्हणाल्या, "भावजी, पोरगा पुण्याला न्यायलाय मला. अमावास्येच्या आधी निघायचं म्हणतो. तेवढा पट अन् मोहरे काढून ठेवा. माझ्या वडलांनी लग्नात दिलेले हायेत, वालूरच्या सुताराकडून करून."

बरोबर आहे. मोहरे त्यांचेच. मला विसर पडला होता.

मी म्हणालो, वहिनी, डाव चालू आहे. त्या म्हणाल्या, "कुणाचा?"

मी सांगितलं, तेवीस तारखेपर्यंत देतो.

अमावास्या चोवीसला आहे. म्हणजे त्याच्या आत डाव संपवला पाहिजे. दत्तरावांच्या बाजूने कुणीतरी एकच चाल करायची आहे. सोपं आहे. उद्याच माणूस गाठतो.

९ जुलै, बुधवार

गेलो नाही. पाय दुखत होता.

११ जुलै, शुक्रवार

पंडितच्या सलूनमध्ये गेलो. बाकड्यावर त्याने पट ठेवलेला असतो. आधी भाषणाचं विचारलं, माणसं बुद्धिबळ का खेळतात? पंडित दाढी करता करता म्हणाला, "गिऱ्हाईक बसून राहतंय, साहेब. न्हाई तर दोन माणसं पुढं दिसली की लगेच पलीकडच्या दुकानात. डाव मांडला की मग ते स्वतःच दुसऱ्याला म्हणतंय, तुमी बसा आधी." ज्याची दाढी चालली होती तो फेसातून म्हणाला, "घरी बसलं की बायको दळण आणायला लावती." दोन्ही कारणं भाषणात घेण्यासारखी नाहीत.

मग पंडितला डावाचं सांगितलं. दत्तरावांच्या वतीने एक चाल करशील का? तो दुकान बंद करून दुपारी घरी आला. जाळी उचलली. बघत राहिला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "साहेब, हितं चाल कुणाची हाय?" मी म्हणालो, दत्तरावांची. तो म्हणाला, "मग मला न्हाई जमायचं. मेलेल्या माणसाचं प्यादं माझ्या हातानं कशाला घालवू? मी त्यांची दाढी केलेली हाय, शेवटची बी." आणि जाळी परत नीट ठेवून गेला. चहा पण घेतला नाही.

भावनेच्या भरात खेळ होत नसतो. पंडित चांगला खेळाडू नाही.

१२ जुलै, शनिवार

नवीन निश्चय. प्रॅक्टिस. नातीने, अर्पिताने, मोबाईलवर बुद्धिबळ लावून दिलं. पहिल्या लेव्हलला एका बाळाचं चित्र आहे. बाळाने मला हरवलं. कारण स्पष्ट आहे. मोबाईलचं प्यादं पहिल्यांदा दोन घरं उडी मारतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

अर्पिताला विचारलं, तू का खेळतेस? ती म्हणाली, रेटिंगसाठी, आबा. समोर कोण असतं? "माहीत नाही. काल कुणीतरी ब्राझीलचा होता." त्याच्याशी बोललीस का? "कशाला?"

हे मात्र मला पटलं. आमचंही असंच होतं. फक्त दत्तराव समोरच्या घरात राहत.

तिला म्हणालो, माझ्याबरोबर एक डाव टाकतेस? ती बसली. दुसऱ्याच चालीला मी म्हणालो, राहू दे. खुर्चीवर ती मांडी घालून बसते. दत्तराव पाय खाली सोडून बसत.

१४ जुलै, सोमवार

सिद्धोधन सरांना बोलावलं. हे माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, तालुक्याच्या स्पर्धा घेतात. डोकं शास्त्रशुद्ध आहे. भावना नाहीत. मला असाच माणूस पाहिजे होता.

सर बसले नाहीत. उभ्यानेच पट बघितला आणि हसले. म्हणाले, "काका, भारी पोझिशन हाय. ही मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. हितं ज्याची चाल, त्याचं नुकसान. राजाला प्याद्याजवळून बाजूला व्हावंच लागतं, अन् मग प्यादं जातं. दुसरी चालच न्हाई. चाल नसलेला माणूस जिंकतो."

मी म्हणालो, चाल दत्तरावांची आहे.

"मग तुमी जिंकलाव."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच म्हणाले. फार आनंद झाला. तसा विशेष झाला नाही. म्हणालो, मग दत्तरावांच्या वतीने तेवढी चाल करून टाका, सर. डाव संपेल, वहिनींना मोहरे द्यायचे आहेत. सरांनी हात पुढे केला, दत्तरावांच्या राजाला बोट लावलं.

मी म्हणालो, थांबा. तुम्ही परदेशी नियमाने खेळणारे. ही चाल धरता येणार नाही.

सर म्हणाले, काका, राजा दोन्हीकडं एकच घर चालतो.

तरी मी नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी हात मागे घेतला. जाताना त्यांनाही विचारलं, माणसं बुद्धिबळ का खेळतात? ते चप्पल घालत म्हणाले, "माझे वडील अन् मी खेळायचो. त्यांच्याशी बोलायचं म्हटलं की भांडण व्हायचं. पट मांडला की दोन तास शांत. बस, तेवढ्यासाठी."

लिहून घेतलं. पण भाषणात हे बोलता येणार नाही.

१६ जुलै, बुधवार

मी जिंकलो आहे हे आता सिद्ध झालं आहे. गणिताच्या शिक्षकाने सांगितलं आहे. तेव्हा डाव मोडायला हरकत नाही. आज मोडायचं ठरवलं. जाळी काढली.

जाळी परत ठेवली. अजून आठवडा आहे. घाई कशाला.

भाषण लिहायला घेतलं. "अध्यक्ष महोदय आणि उपस्थित ज्येष्ठ बंधू-भगिनींनो." एवढं चांगलं झालं आहे.

१८ जुलै, शुक्रवार

भाषणाचे पॉइंट: बुद्धी वाढते. संयम वाढतो. वेळ जातो.

तिसरा खोडला. पुन्हा लिहिला.

हल्ली संध्याकाळी वेळ मुळीच जात नाही. हे भाषणाशी संबंधित नाही.

२० जुलै, रविवार. दुपारी

भाषण झालं.

मी उभा राहिलो. माइक हातात आला. "अध्यक्ष महोदय" पासून "बंधू-भगिनींनो" पर्यंत उत्तम गेलं. मग म्हणालो, बुद्धिबळाने बुद्धी वाढते. मग पुढचा पॉइंट आठवेना. कागद खिशात होता, पण चष्मा घरी. समोर सगळे बघत होते. मागून कुणीतरी मदत करावी म्हणून म्हणालं, "भुजंगराव, तुमी कशापायी खेळता ते सांगा की."

मी म्हणालो, सध्या मी खेळत नाही. चाल दत्तरावांची आहे, म्हणून थांबलो आहे.

स्वयंपाकघरात पोह्यांच्या कढईत उलथणं वाजत होतं, तेही थांबलं. मग किशनरावांनी माइक घेतला आणि कै. दत्तरावांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मी उभाच होतो.

मी काही श्रद्धांजली मागितली नव्हती. पण त्यात माझी दोन मिनिटं भरून निघाली. नंतर किशनराव म्हणाले, थोडक्यात पण लय चांगलं बोललात. एकूण भाषण यशस्वी म्हणायला हरकत नाही. पोहे खाल्ले नाहीत. पित्त.

२१ जुलै, सोमवार

परवा वहिनी येणार. उद्या सकाळी डाव संपवणार. स्वतः दत्तरावांची चाल करणार, स्वतः प्यादं मारणार. पक्कं.

२२ जुलै, मंगळवार

सकाळ गेली. वहिनींच्या घरासमोर टेम्पो आला होता, ते बघण्यात. दत्तरावांची खुर्ची, कपाट, चुलीवरची मोठी पातेली. खुर्ची टेम्पोत उलटी ठेवली.

उद्या सकाळी नक्की.

२३ जुलै, बुधवार. सकाळी

वहिनी लवकर आल्या. बाहेर गाडी उभी होती, मुलगा हॉर्न वाजवत होता. हातात कापडी पिशवी. राजेश्रीने बसा म्हटलं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. दत्तरावांच्या जागेवर बसल्या नाहीत. ती जागा कुठली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "भावजी, एक विचारू का? हे घरात कधी काई बोलायचे न्हाईत. मला वाटायचं, तुमच्याकडं येऊन बोलत असतील. काय बोलायचे?"

मी म्हणालो, पुष्कळ. तुमच्याविषयी, मुलाविषयी.

असं का म्हणालो माहीत नाही. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाल्या, "काय म्हणायचे माझ्याविषयी?" मी म्हणालो, चांगलंच. राजेश्री आत निघून गेली.

मी जाळी उचलली. म्हणालो, वहिनी, फक्त दत्तरावांची एक चाल बाकी आहे, तेवढी करतो आणि मोहरे देतो.

त्या म्हणाल्या, "त्यांची? त्यांची तर झाली की."

मी जाळी बाजूला ठेवली.

"त्या दिवशी लाइट गेली तवा घरी आले. लय खूश होते. हात-पाय धुताना हसायले. म्हणले, भुजंगराव बॅटरी हुडकायला गेला अन् मी अंधारात चाल करून आलो. राजा एक घर पुढं घेतला. सुपारी त्याच्या बाजूला ठिवली. आता बघ, त्याला रातभर झोप येती का." त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मी म्हणलं, कशाला तरास देता माणसाला. तर म्हणले, अगं मजा हाय. त्याला हलावंच लागंल. हलल्याबिगर सुटका न्हाई त्याची. मला वाटलं, तुमी ती चाल कवाच केली असंल."

बाहेर हॉर्न वाजला.

मी पट बघितला. राजा फडक्याने सरकला नव्हता. सुपारीचं खांड उचलून माझ्या बाजूला ठेवलं. चाल माझी होती. एवढे दिवस माझीच होती.

वहिनींना म्हणालो, एक मिनिट. त्या थांबल्या. मुलाने दोनदा हॉर्न वाजवला, त्यांनी हातानेच गप्प केलं. दुसरी चाल आहे का ते मी बघितलं. सर म्हणाले होते तसंच आहे. दुसरी चाल नाही. मग मी माझा राजा एक घर बाजूला घेतला.

वहिनी उठल्या. टीपॉयजवळ आल्या. त्यांनी आधी माझं प्यादं उचललं आणि पिशवीत टाकलं. मग बाकीचे तीन.

२४ जुलै, गुरुवार. संध्याकाळी

आज दिव्यांची अमावास्या. राजेश्रीने घासलेले दिवे टीपॉयवर मांडले, जागा रिकामी आहे म्हणून. जाळी स्वयंपाकघरात गेली. समोरच्या घराला कुलूप आहे.

खांड वहिनींनी नेलं नाही. खिशात आहे.

एक मुद्दा दिवसभर डोक्यात आहे. वहिनींनी माझं प्यादं आधी उचललं, ती चाल होती की आवराआवर? आवराआवर असेल तर डाव अर्धाच आहे. पण इतकी वर्षं त्यांच्याच घरातला पट. चार मोहऱ्यांतून त्यांनी नेमकं तेच आधी उचललं. तेव्हा चाल धरावी लागेल, असं मी ठरवलं आहे. प्यादं गेलं. माझा राजा एकटा उरला. पुढे खेळायचं नाही, नियमच आहे. बुर्जी.

आणि बुर्जीच्या बाबतीत दत्तरावांचं म्हणणंच बरोबर होतं. मीच उगाच वाद घालत होतो. बुर्जी म्हणजे बरोबरी.

म्हणजे मी हरलेलो नाही.